अबोधाचं बारसं

१८५३ सालच्या उन्हाळ्यात लंडनच्या दिवाणखान्यांत टेबलं फिरत होती. वेड अमेरिकेतून आलं होतं. चारसहा माणसं एका टेबलाभोवती बसत, तळवे फळीवर टेकवत आणि वाट पाहत. थोड्या वेळाने टेबल कुरकुरे, सरके, कधी गरागरा फिरू लागे. बसलेल्यांपैकी प्रत्येक जण शपथेवर सांगे की मी ढकललेलं नाही. कुणी म्हणे ही वीज, कुणी म्हणे चुंबकत्व, कुणी म्हणे पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम. मेलेल्यांचे आत्मे हे उत्तर तर तयारच होतं. आपल्याकडे प्लँचेटवरची वाटी ज्यांनी सरकताना पाहिली आहे, त्यांना हा सगळा प्रकार ओळखीचा वाटेल.

विजेचं नाव निघालं म्हटल्यावर लोक मायकेल फॅरडेला विचारायला जाणारच. पत्रांना उत्तरं देऊन कंटाळलेल्या फॅरडेने शेवटी एक साधं उपकरण बनवलं. पुठ्ठ्याचे काही तुकडे एकावर एक ठेवले, मधे मऊसा चिकट लेप लावला आणि कडेने पेन्सिलीची रेघ ओढली. त्यांच्या चळतीवर हात ठेवायचे आणि टेबल फिरवायचं. तर्क असा: टेबल आपण होऊन फिरत असेल आणि हात त्यामागे ओढले जात असतील, तर सगळ्यांत खालचा पुठ्ठा आधी सरकेल. हातच टेबलाला ढकलत असतील, तर वरचा. टेबल फिरल्यावर फॅरडेने पुठ्ठे तपासले. वरचा सगळ्यांत जास्त सरकला होता, खालचे क्रमाने कमी कमी.

मग त्याने पुढचा प्रयोग केला, आणि मला तो पहिल्यापेक्षा अधिक विलक्षण वाटतो. दोन फळ्यांमध्ये काचेच्या कांड्या ठेवून त्यांना एक काटा जोडला. हात जरा जरी एका बाजूला रेलले, की काटा हले. काटा झाकलेला असताना टेबल पूर्वीसारखं फिरलं. काटा बसणाऱ्यांच्या समोर ठेवला, तेव्हा टेबल ढिम्म हललं नाही. आपले हात काय करताहेत हे दिसू लागलं, त्या क्षणी हातांनी ते करणं सोडलं. फॅरडेने मुद्दाम प्रामाणिक माणसं निवडली होती. फसवणुकीचा प्रश्नच नव्हता. ३० जूनच्या ‘टाइम्स’मध्ये त्याचं पत्र छापून आलं आणि विजेपुरता विषय संपला.

पण उरलेला प्रश्न विजेहून अवघड होता. ढकललं कुणी? हात त्यांचेच, ढकललं तेही त्यांनीच. आणि तरी ‘मी ढकललं नाही’ हेही खरं. या गोष्टीला नाव काय द्यायचं?

नाव द्यायला एक माणूस सज्ज होता. शरीरशास्त्रज्ञ विल्यम कार्पेंटर याने आदल्याच वर्षी, १८५२ मध्ये, रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये व्याख्यान देऊन ‘आयडिओमोटर’ ही कल्पना मांडली होती: नुसता विचार मनात आला, इच्छेचा हुकूम सुटलाच नाही, तरी स्नायू त्या विचाराबरहुकूम हलतात. टेबलाच्या प्रकरणाने त्याला आयतं उदाहरण मिळालं. तिथून तो एक पायरी पुढे गेला. इच्छेशिवाय हात हलू शकतो, तर जाणिवेशिवाय मेंदू विचार का करू शकणार नाही? एखाद्या माणसाचं नाव आठवत नाही, आपण नाद सोडून देतो, आणि तासाभराने भलतंच काही करत असताना ते नाव ओठांवर येतं. मधल्या वेळात कुणीतरी काम केलं. कार्पेंटरने त्या कामाला ‘अनकॉन्शस सेरेब्रेशन’ म्हटलं. सेरेब्रेशन म्हणजे मेंदूचं काम.

‘मेंदूचं’ या शब्दात सगळी खुबी होती. ‘मनाचं’ म्हटलं असतं, तर भले भले विद्वान अंगावर आले असते. इंग्लंडमध्ये त्या वेळी मन म्हणजेच जाणीव. जॉन लॉकने १६९० च्या आपल्या निबंधात स्पष्टच लिहून ठेवलं होतं की एखादी गोष्ट विचार करते आहे पण तिला त्याची जाणीव नाही, हे बोलणं अर्थहीन आहे. मग अजाणतं मन ही भाषाच वदतोव्याघाताची ठरते. कार्पेंटरने मन बाजूला ठेवलं, मेंदू पुढे केला आणि भांडण टाळलं.

निदान ते एक भांडण. दुसरं लगेच उभं राहिलं. एडिंबराच्या थॉमस लेकॉकचं म्हणणं होतं की मेंदूच्या प्रतिक्षिप्त कार्याची कल्पना मी १८४० च्या दशकातच मांडली आहे आणि कार्पेंटरने तिला नवं नाव लावून ती स्वतःची म्हणून मिरवली. दोघांचा हा वाद १८७० च्या दशकापर्यंत धुमसत राहिला. जाणिवेखालच्या कारभाराला दिलेल्या नावांच्या इतिहासात अशी मालकीची भांडणं पुढे बरीच यायची आहेत. इतकी, की कधी कधी वाटतं, शोध मनाचा चालला होता की सातबाऱ्याचा?

लॉकला उत्तर मिळालं नव्हतं असंही नाही. ते फक्त छापलं गेलं नव्हतं. हॅनोव्हरमध्ये गॉटफ्रीड लायब्निझने लॉकच्या पुस्तकाचा मुद्द्यागणिक प्रतिवाद लिहून काढला होता. त्यात त्याचा लाडका दृष्टान्त होता समुद्राच्या गाजेचा. किनाऱ्यावर उभं राहिलं की आपण एक मोठा आवाज ऐकतो. तो आवाज असंख्य लाटांचा असतो. त्यातली एकटी लाट कानाला कळणारही नाही. पण प्रत्येक लाट थोडी तरी ऐकू आली असली पाहिजे, नाही तर लाख शून्यांची बेरीज गाज कशी होईल? या न जाणवणाऱ्या जाणिवांना त्याने ‘लहान संवेदना’ म्हटलं. लिखाण होत आलं आणि १७०४ मध्ये लॉक वारला. मेलेल्या माणसाशी वाद कसला घालायचा, म्हणून लायब्निझने हस्तलिखित बाजूला ठेवून दिलं. तो स्वतः १७१६ मध्ये गेला. पुस्तक बाहेर पडलं १७६५ मध्ये.

तोवर जर्मन भाषेत जमीन तयार होत होती. १७७६ मध्ये एर्न्स्ट प्लाटनर या लाइपत्सिगच्या वैद्याने जाणिवेच्या अभावासाठी ‘उनबेवुस्टझाइन’ हे नाम वापरलं. जर्मन भाषेला असे शब्द जोडणं हा हातचा मळ. स्कॉटलंडमध्ये मात्र हाच विचार सर विल्यम हॅमिल्टनला विद्यार्थ्यांच्या गळी उतरवावा लागत होता. त्याचं उदाहरण मजेदार आहे. एकदा त्याच्या मनात बेन लोमंड हा डोंगर आला आणि पाठोपाठ प्रशियाची शिक्षणपद्धती. डोंगराचा आणि प्रशियातल्या शाळांचा संबंध काय? विचार केल्यावर उलगडलं: त्या डोंगरावर गेला असताना शिखरावर त्याला एक जर्मन गृहस्थ भेटला होता. डोंगर, जर्मन, जर्मनी, प्रशिया, शाळा. मधले दुवे मनाने घेतले होते, पण ते वर आलेच नव्हते. हॅमिल्टनची व्याख्यानं त्याच्या मृत्यूनंतर १८५९ मध्ये छापली गेली आणि १८६५ मध्ये जॉन स्टुअर्ट मिलने त्यांची चिरफाड केली. मिलचं म्हणणं, मधले दुवे क्षणभर जाणिवेत येऊन विसरले गेले असतील, किंवा ती नुसती मज्जातंतूंची हालचाल असेल. त्यासाठी मनाला तळघर कशाला हवं?

ड्रेस्डेनचा वैद्य आणि चित्रकार कार्ल गुस्ताव कारुस याने १८४६ च्या आपल्या ‘प्सुखे’ या ग्रंथाची सुरुवातच अशी केली होती की जाणत्या मनाची किल्ली अजाणत्या मनात शोधावी. पण अबोध हा शब्द घराघरांत नेला तो एडुआर्ड फॉन हार्टमानने. गुडघ्याच्या दुखण्यामुळे प्रशियाच्या सैन्यातली नोकरी सोडावी लागलेला हा तरुण. १८६९ चं साल छापलेला त्याचा ‘अबोधाचं तत्त्वज्ञान’ हा जाडजूड ग्रंथ हातोहात खपला. १८८२ पर्यंत नऊ आवृत्त्या निघाल्या. हार्टमानचं अबोध माणसाच्या डोक्यापुरतं नव्हतं. ते पक्ष्याच्या घरट्यात होतं, जखम भरून येण्यात होतं, इतिहासाच्या ओघात होतं, सगळ्या विश्वाच्या मुळाशी होतं. थोडक्यात, जिथे कारण सापडत नाही तिथे अबोध.

या गर्दीची किंमत एका सभ्य शास्त्रज्ञाला मोजावी लागली. हर्मन हेल्महोल्ट्झ दृष्टीच्या अभ्यासात एका शुद्ध प्रायोगिक कोड्याशी येऊन पोचला होता. डोळा मिटून त्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावर, कानशिलाकडच्या बाजूला, बोटाने अलगद दाबा. उजेडाचं एक वलय दिसतं. पण ते दाबलेल्या जागी दिसत नाही, नाकाच्या बाजूला दिसतं. कारण नेत्रपटलाचा तो भाग आयुष्यभर नाकाकडून येणारा प्रकाश टिपत आला आहे. तो भाग चाळवला, की ‘उजेड नाकाकडून आला’ असा निष्कर्ष निघतो. हा निष्कर्ष आपण काढत नाही, तो काढला जातो. आणि बोट कुठे आहे हे पक्कं ठाऊक असूनही बदलत नाही. हेल्महोल्ट्झने १८६७ च्या आपल्या प्रकाशिकीच्या ग्रंथात याला ‘अबोध अनुमान’ म्हटलं. पुढे १८७८ च्या व्याख्यानात त्याने सांगून टाकलं की तत्त्वज्ञ शोपेनहाउअर आणि त्याच्या अनुयायांच्या अस्पष्ट कल्पनेशी गल्लत होऊ नये म्हणून ते नाव मी टाळत आलो आहे. सिद्धान्त तसाच राहिला, पाटी उतरवली.

शंभरेक वर्षांनी हेच पुन्हा झालं, एका जुन्या प्रयोगाच्या बाबतीत. १९११ मध्ये जिनिव्हाच्या एदुआर क्लापारेदने स्मृती गमावलेल्या एका बाईशी हात मिळवताना आपल्या बोटांत टाचणी लपवली होती. पुढच्या वेळी ती बाई टाचणी विसरली होती, पण हात पुढे करेना. का, तर लोक कधी कधी हातात टाचण्या लपवतात म्हणे. अशा स्मृतीला नाव देण्याची वेळ १९८५ मध्ये पीटर ग्राफ आणि डॅनियल शॅक्टर यांच्यावर आली, तेव्हा त्यांनी ‘अबोध स्मृती’ म्हटलं नाही, ‘इम्प्लिसिट’ म्हटलं. एव्हाना अबोध या शब्दाला हार्टमानचा वास उरला नव्हता, फ्रॉइडचा होता. जॉन किलस्ट्रॉमने १९८७ मध्ये ‘सायन्स’ साप्ताहिकात तो शब्द परत घेतला खरा, पण आधी ‘कॉग्निटिव्ह’चं बिरुद लावून, म्हणजे हा तो फ्रॉइडचा नव्हे हे दारातच कळावं.

तर मूळ गोष्ट फ्रान्सकडे येते, ल हाव्र या बंदराच्या गावी. १८८३ मध्ये तिथल्या शाळेत तत्त्वज्ञान शिकवायला पिएर जाने नावाचा चोवीस वर्षांचा मास्तर आला. शाळा सुटली की तो गावातल्या दवाखान्यात जाई. तिथे ल्युसी नावाची एक तरुणी होती. तिला अकारण भयाचे झटके येत; अंगाची संवेदना गेलेली होती. जाने तिला संमोहित करी आणि मग एक युक्ती करी. ती जागेपणी दुसऱ्या कुणाशी गप्पांत गुंतली, की हा मागे उभा राहून हलक्या आवाजात बोले. गप्पा मारणाऱ्या ल्युसीला काही ऐकू येत नसे. पण तिच्या हातात पेन्सिल दिली, तर हात कागदावर उत्तरं लिही.

एकदा त्याने विचारलं, माझं बोलणं ऐकू येतं का? हाताने लिहिलं, नाही. पण उत्तर द्यायला ऐकू यायला हवं ना? हो, तर. मग हे जमतं कसं? ठाऊक नाही. म्हणजे ऐकणारं कुणीतरी असलंच पाहिजे? हो. कोण? ल्युसी नाही, दुसरं कुणी. बरं, मग त्या दुसरीला आपण एक नाव देऊ या का? नको. देऊ या, सोयीचं पडेल. तेव्हा हाताने लिहिलं: ठीक आहे, अद्रिएन.

जानेने हे १८८६ मध्ये प्रसिद्ध केलं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्ससकट सगळ्यांचं लक्ष गेलं ते एका डोक्यात दोन जणी नांदतात या चमत्काराकडे. मला वाटतं, अर्क ‘सोयीचं पडेल’ या शब्दांत आहे. नाव मागणारा जाने आहे. नकार आधी आला आहे. आणि नाव मिळाल्यावर ‘अद्रिएन’ बोलू लागली, सही करू लागली, तिला ल्युसीपेक्षा जास्त आठवू लागलं. भयाचं मूळही तिच्याकडूनच कळलं: ल्युसी सात वर्षांची असताना दोन पुरुषांनी पडद्याआड लपून थट्टेत तिला भेदरवलं होतं. बारसं आधी, बाळ मागाहून. जाने हा धोका ओळखून होता. याच कारणाने पुढे आयुष्यभर तो आपल्या शब्दांना हात राखून वापरत राहिला.

१८८९ मध्ये सोर्बोनला सादर केलेल्या ‘मानसिक स्वयंचलन’ या प्रबंधात त्याने आपला शब्द रुळवला: ‘स्युबकाँसियाँ’, म्हणजे सबकॉन्शस. हार्टमानचा शब्द त्याला मुद्दामच नको होता. त्याला विश्वाचं मूळ शोधायचं नव्हतं, दवाखान्यात दिसणाऱ्या काही कृतींचं वर्णन करायचं होतं. दुबळं झालेलं मन सगळे अनुभव एकत्र बांधून ठेवू शकत नाही, काही तुकडे सुटतात आणि आपापलं चालू ठेवतात. हे सुटे तुकडे म्हणजे सबकॉन्शस. निरोगी माणसात ते असायचं कारण नाही.

ल हाव्रला त्याचे प्रयोग पाहायला इंग्लंडहून पाहुणेही आले. त्यांतला फ्रेडरिक मायर्स हा केंब्रिजचा अभिजात भाषांचा पंडित आणि १८८२ मध्ये लंडनला निघालेल्या ‘सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च’चा एक संस्थापक. ‘टेलिपथी’ हा शब्द त्याचाच. जानेने जे आजारपण मानलं, त्यात मायर्सला खजिना दिसला. १८९२ पासून त्याने लेखमाला लिहिली आणि तिच्यासाठी ‘सब्लिमिनल’ हे विशेषण चालवलं: लॅटिनमध्ये ‘लिमेन’ म्हणजे उंबरठा, म्हणून उंबरठ्याखालचं. तिथे प्रतिभा होती, स्वप्नं होती, दूरसंवेदन होतं आणि मरणानंतर टिकून राहणारा आत्माही होता. १९०१ मध्ये तो रोममध्ये वारला. त्याचा द्विखंडी ग्रंथ १९०३ मध्ये आला.

या शब्दाची पुढची गत पाहण्याजोगी आहे. १९५७ मध्ये जेम्स व्हिकरी नावाच्या जाहिरातवाल्याने न्यूयॉर्कला पत्रकारांना सांगितलं की न्यू जर्सीतल्या फोर्ट ली गावच्या सिनेमागृहात आपण पडद्यावर सेकंदाच्या तीनहजाराव्या भागापुरत्या ‘पॉपकॉर्न खा’, ‘कोका-कोला प्या’ अशा सूचना झळकवल्या, आणि पॉपकॉर्नची विक्री ५७.७ टक्क्यांनी, कोका-कोलाची १८.१ टक्क्यांनी वाढली. अमेरिका हादरली, अशा जाहिरातींवर बंदी घालायच्या गोष्टी निघाल्या. १९६२ मध्ये व्हिकरीने स्वतःच कबूल केलं की हाताशी असलेली माहिती इतकी तुटपुंजी होती की तिला अर्थ नव्हता. आत्म्याच्या अमरत्वासाठी घडवलेला शब्द पॉपकॉर्नच्या पुड्यापाशी येऊन थांबला, आणि आजही बहुतेकांना तो तिथलाच वाटतो.

व्हिएन्नाचा सिग्मंड फ्रॉइड १८८५ च्या ऑक्टोबरात पॅरिसला आला होता, मज्जाविकारतज्ज्ञ शार्कोच्या हाताखाली चारपाच महिने शिकायला. जाने त्या वेळी ल हाव्रला शाळेत शिकवत होता. दोघांची गाठ पडली नाही. १८८९ मध्ये फ्रॉइड नान्सीला गेला आणि तिथल्या बेर्नहाइम या वैद्याचे प्रयोग त्याने पाहिले. संमोहनात रुग्णाला सांगायचं की जागा झाल्यावर अमुक कर. जागा झाल्यावर तो ते करतो आणि विचारलं की काहीतरी लटपटीचं कारण सांगतो. सूचना डोक्यात होती, कामही करत होती, फक्त माहीत नव्हती. फ्रॉइड या प्रयोगाकडे पुन्हा पुन्हा परतला.

सुरुवातीच्या लिखाणात त्याने ‘खालची जाणीव’ हा शब्दही वापरला आहे. १८९३ मध्ये ब्रॉयर या वैद्याबरोबर लिहिलेल्या लेखात जानेचा आदराने उल्लेखही आहे. पण १९०० च्या ‘स्वप्नांचा अर्थ’पर्यंत त्याची भाषा पक्की झाली होती. मनात तीन विभाग: जाणतं, जाणिवेत सहज येऊ शकेल असं, आणि अबोध. त्यांच्यासाठी तो नुसती आद्याक्षरंही वापरे. अबोधातलं वर येत नाही ते मन दुबळं आहे म्हणून नव्हे; काहीतरी ते दाबून धरतं म्हणून. आणि हे आजाऱ्यांचंच नाही, सगळ्यांचं.

जानेच्या वर्णनात निसटणं आहे, फ्रॉइडच्या वर्णनात झटापट. झटापटीची गोष्ट नेहमीच जास्त रंगते. दुसरं म्हणजे फ्रॉइडने अबोधाला पत्ता दिला. हा विभाग, ही चौकी, इथला पहारेकरी. गावाला नकाशा मिळाला की गाव खरं वाटू लागतं.

दरम्यान अमेरिकेत विल्यम जेम्सने १८९० च्या मानसशास्त्राच्या ग्रंथात अबोध मनाच्या बाजूचे दहा पुरावे एकामागून एक घेऊन खोडले होते. त्याच्या मते या कल्पनेच्या आडोशाने मानसशास्त्रात कुणीही मनाला येईल ते खरं मानू शकतो. पण बारा वर्षांनी धर्मानुभवांवरच्या व्याख्यानांत त्यानेच मायर्सच्या उंबरठ्याखालच्या मनाला डोक्यावर घेतलं. बोस्टनला मॉर्टन प्रिन्सने १९०७ मध्ये आपल्या नियतकालिकात सबकॉन्शसवर परिसंवाद घेतला, आणि प्रत्येक जण तो शब्द वेगळ्या अर्थाने वापरतो हे उघडं पडलं. प्रिन्सने स्वतःचा तिसराच शब्द सुचवला, ‘को-कॉन्शस’. तो त्याच्यापाशीच राहिला.

ठिणगी पडली ती लंडनला, १९१३ च्या ऑगस्टमध्ये. आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेचं सतरावं अधिवेशन होतं. फ्रॉइडच्या मनोविश्लेषणावर प्रबंध वाचायला बोलावलं होतं जानेला. तो बोचेल असं बोलला. लक्षणांमागचा विसरलेला आघात शोधणं ही मुळात आपली पद्धत; फ्रॉइडने तिची नावं बदलली आणि नको तितकी ताणली; शिवाय सगळ्याच्या मुळाशी कामवासना आहे ही कल्पना व्हिएन्नाच्या हवेतूनच निघाली असावी, असाही एक टोला. फ्रॉइड आला नव्हता. त्याच्या बाजूने त्याचा सहकारी युंग बोलला, पण त्याचे आणि फ्रॉइडचे संबंध तोवर तुटल्यातच जमा होते. खरी लढाई फ्रॉइडचा अनुयायी अर्नेस्ट जोन्स याने केली.

फ्रॉइडने उत्तर दिलं ते सवडीने. १९१७ मध्ये छापलेल्या व्याख्यानांत तो म्हणतो की जानेच्या कामाचं श्रेय द्यायला मी तयार होतो. पण पुढे जाने इतका सावध झाला, की अबोध म्हणजे निव्वळ बोलण्याची एक रीत, असं म्हणू लागला. जो माणूस अद्रिएनचं नाव सोयीसाठी ठेवतो, त्याने असं म्हणणं मला तरी सुसंगत वाटतं. फ्रॉइडला ती माघार वाटली. १९२६ मध्ये तो पुन्हा या शब्दावर घसरला: कुणी ‘सबकॉन्शस’ म्हणालं की त्याला जाणिवेच्या खालची जागा म्हणायची आहे की आतली दुसरीच एक जाणीव, हे कळत नाही, बहुधा त्यालाही कळत नसावं.

मधे १९२३ मध्ये त्याने स्वतःच्या शब्दांचीही डागडुजी केली. दाबून धरणारी शक्तीसुद्धा अबोध असते हे लक्षात आल्यावर जुने विभाग पुरेनात. मग बाडेन-बाडेनचा डॉक्टर गेओर्ग ग्रोडेक याच्याकडून त्याने एक शब्द उसना घेतला: ‘एस’, म्हणजे साधं ‘ते’. समोर ‘इश’, म्हणजे साधं ‘मी’. जर्मन पोराच्या तोंडचे शब्द. इंग्रजी भाषांतरकारांनी त्यांना लॅटिन पोशाख घालून ‘इड’ आणि ‘इगो’ केलं, आणि आपली क्रमिक पुस्तकं तोच पोशाख पाहून लिहिली गेली. कलकत्त्यात गिरींद्रशेखर बोस यांनी १९२१ मध्ये दमनावरचा आपला प्रबंध फ्रॉइडला पाठवला आणि पुढच्याच वर्षी भारतीय मनोविश्लेषण संस्था काढली. बंगालीत ‘निर्ज्ञान’ शब्द रुळला. मराठीत अबोध, अचेतन, सुप्त, अंतर्मन असे चारपाच शब्द एकदमच नांदू लागले, आणि कुणाची हद्द कुठे संपते यावर कुणी फारसं भांडलं नाही.

बाजारात मात्र निकाल लागून गेला होता. १९२० च्या दशकात नान्सीचा औषधविक्रेता एमिल कुए स्वयंसूचनेचे धडे देत युरोप-अमेरिकेत फिरला. १९६३ मध्ये जोसेफ मर्फींचं सबकॉन्शस मनाच्या सामर्थ्यावरचं पुस्तक आलं. आज ते मराठीतही कुठल्याही बसस्टँडवरच्या दुकानात मिळतं. ‘ते सबकॉन्शसली डोक्यात होतंच,’ असं आपण येताजाता म्हणतो. फ्रॉइडने बजावून बजावून नाकारलेला शब्द लोकांनी ठेवून घेतला, आणि त्यात अर्थ मात्र फ्रॉइडचा भरला. जानेच्या वाट्याला दोन्हींचं श्रेय आलं नाही.

१९३७ च्या वसंतात अठ्ठ्याहत्तरीला टेकलेला जाने व्हिएन्नाला येणार होता. भेट घडवून आणायची खटपट केली एदुआर पिशोंने. हा जानेचा जावई, धंद्याने फ्रॉइडपंथी मनोविश्लेषक, आणि आवडीने व्याकरणकार. मामा दामुरेत याच्याबरोबर त्याने फ्रेंच भाषेचं अनेक खंडी व्याकरण लिहायला घेतलं होतं. त्याचं नावच ‘शब्दांपासून विचाराकडे’. बोलणारा माणूस नकारासाठी कुठला शब्द निवडतो, त्यातून त्याच्या नकळत काय बोलून जातो, यावर या मामाभाच्यांनी १९२८ मध्ये एक लेखही लिहिला होता. सासरा आणि गुरू यांना एका खोलीत बसवायला याहून योग्य माणूस सापडला नसता.

फ्रॉइडने एप्रिलमध्ये आपली शिष्या मारी बोनापार्त हिला कळवलं की तो जानेला भेटणार नाही. कारणं त्याने साफ लिहिली. जाने मनोविश्लेषणाशी आणि आपल्याशी व्यक्तिशः वाईट वागला, आणि त्याची भरपाई त्याने कधी केली नाही. व्हिएन्नाच्या हवेचा तो टोला चोवीस वर्षांनीही त्याच्या ध्यानात होता. आणि फ्रॉइडने जानेची व्याख्यानं ऐकून कल्पना चोरल्या ही अफवा फ्रेंच लेखक पसरवत होते, तेव्हा जानेच्या एका शब्दाने ती थांबली असती. कारण शार्कोच्या काळात फ्रॉइडने जानेला पाहिलं नव्हतं, त्याचं नावही ऐकलं नव्हतं. तो एक शब्द जानेने कधी उच्चारला नाही.